भूजलाचा जमाखर्च : कॅलिफोर्नियातील कायदा आणि स्थानिक यंत्रणा



नदीचे पाणी सर्वांच्या नजरेसमोर असते. धरणात किती साठा झाला, कालव्याला किती पाणी सोडले, यासंबंधी गावच्या पारावर जशी चर्चा होते तशीच ती विधिमंडळातही होते. जमिनीखालच्या पाण्याचे तसे नाही. विहिरीच्या मालकाला आपल्या विहिरीची खोली ठाऊक असते; परंतु शेजारच्या शिवारातील पंपाने रात्रभरात किती पाणी उपसले, याचा त्याला पत्ता नसतो. भूगर्भात मात्र त्या दोन्ही विहिरींचा साठा एकच असतो. बांध जमिनीवर घालता येतो, जमिनीखालच्या पाण्याला तो घालता येत नाही. जमीन ज्याची त्याच्या मालकीची, पण तिच्याखालील पाणी सर्वांचे सामाईक, या विसंगतीतून जगभर जे तंटे उभे राहिले, त्यांवर कायद्याने काय उपाय करता येतो, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे उदाहरण उद्बोधक आहे.

शंभर वर्षांची पोकळी

कॅलिफोर्निया हे अमेरिकेतील शेतीप्रधान आणि तितकेच उद्योगसंपन्न राज्य होय. सर्वसाधारण वर्षात या राज्याच्या पाणीपुरवठ्यातील सुमारे ४० टक्के वाटा भूजलाचा असतो आणि अवर्षणाच्या वर्षी तो ६० टक्क्यांपर्यंत जातो. असे असूनही नदीनाल्यांच्या पाण्यासाठी शासकीय परवान्याची पद्धत घालून देणाऱ्या १९१४ च्या कायद्याने भूजलाला हात लावला नाही. त्याआधी १९०३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात असे तत्त्व घालून दिले होते की, एकाच जलधरावर ज्यांच्या जमिनी आहेत त्या सर्वांचा त्या पाण्यावर परस्परसापेक्ष हक्क असून प्रत्येकाने वाजवी उपयोगापुरतेच पाणी घ्यावे. तत्त्व उत्तम होते. परंतु ‘वाजवी’ म्हणजे किती, हे मोजणारे कोणी नव्हते. ज्याचा पंप मोठा आणि ज्याची विहीर खोल, त्याचा हक्क व्यवहारात मोठा ठरत गेला.

या मोकळीकीचे परिणाम दिसू लागण्यास फार काळ लागला नाही. राज्याच्या मध्यभागी सॅन वाकीन नावाचे विस्तीर्ण, सपाट आणि सुपीक खोरे आहे. तेथील गाळाच्या थरांमधून पाणी उपसले गेले तसे मातीचे कण एकमेकांवर दाबले जाऊन जमीनच खाली बसू लागली. मेंडोटा गावाच्या परिसरात १९२५ ते १९७७ या काळात जमीन सुमारे ९ मीटर खचली. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातील शास्त्रज्ञ जोसेफ पोलंड हे एका खांबाशेजारी उभे असून पूर्वीच्या जमिनीची पातळी दाखविणारी वर्षाची पाटी त्यांच्या डोक्याच्या किती तरी वर लावलेली आहे, असे एक छायाचित्र जगभर प्रसिद्ध आहे. चिकणमातीचे थर एकदा असे दबले की, नंतर कितीही पाऊस पडला तरी ते पूर्ववत फुगत नाहीत. म्हणजे पाण्याबरोबर पाणी साठविण्याची जागाही कायमची गमावली जाते. याच खोऱ्यातून जाणाऱ्या फ्रायंट-कर्न कालव्याखालची जमीन खचल्यामुळे त्याच्या एका टप्प्यातील वहनक्षमता निम्म्याहून अधिक घटली. विहिरींनी उपसलेल्या पाण्याची किंमत अशा रीतीने कालव्याच्या लाभधारकांनाही मोजावी लागली.

न्यायालयाचा मार्ग आणि त्याच्या मर्यादा

कायदा नव्हता, तेथे लोक न्यायालयात गेले. लॉस एंजेलिसजवळील रेमंड भूजल खोऱ्यातील पाण्याचा वाद १९३७ मध्ये न्यायालयात दाखल झाला आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय येण्यास १९४९ साल उजाडले. त्याच परिसरातील वेस्ट बेसिन या किनारपट्टीच्या खोऱ्यात अतिउपशामुळे समुद्राचे खारे पाणी आत शिरू लागले होते. तेथे उपसा करणाऱ्यांनी न्यायालयाच्या साह्याने आपसात समझोता घडवून आणला. पुढे किनाऱ्यालगतच्या विहिरींतून गोडे पाणी जमिनीत सोडून खाऱ्या पाण्यापुढे अडसर उभारण्यात आला. या सामुदायिक प्रयत्नांचा अभ्यास एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने आपल्या १९६५ च्या प्रबंधात केला. सामाईक साधनसंपत्तीचा सांभाळ तिचे उपभोक्ते स्वतःच नियम करून करू शकतात, हे त्यांनी आयुष्यभराच्या संशोधनातून दाखवून दिले आणि २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

परंतु न्यायालयीन मार्ग खर्चाचा आणि दीर्घ मुदतीचा. जेथे धनिक नगरपालिका आणि कंपन्या होत्या तेथे तो परवडला. शेतमजुरांच्या वस्त्यांना तो परवडण्यासारखा नव्हता.

२०१२ पासून राज्यात तीव्र अवर्षण पडले आणि २०१४ मध्ये तुलारे कौंटीतील ईस्ट पोर्टरव्हिल या वस्तीतील शेकडो घरांच्या विहिरी कोरड्या पडल्या. ही बहुतांशी शेतमजुरांची वस्ती. नळयोजना नाही; घरामागची उथळ विहीर हाच आधार. जगातील अतिप्रगत समजल्या जाणाऱ्या राज्यात कुटुंबांना अंगणात टाक्या ठेवून टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागले. पुढे शासनाच्या साह्याने ही घरे शेजारच्या पोर्टरव्हिल शहराच्या नळयोजनेला जोडण्यात आली. परंतु भूजलाची पातळी खाली जाते तेव्हा सर्वांत आधी कोणाचा घसा कोरडा पडतो, हे या वस्तीने राज्याला दाखवून दिले.

कायद्याची रचना

१६ सप्टेंबर २०१४ रोजी गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी तीन विधेयकांवर स्वाक्षरी केली. ही तीन विधेयके मिळून शाश्वत भूजल व्यवस्थापन कायदा तयार झाला आणि तो १ जानेवारी २०१५ पासून अंमलात आला. नदीच्या पाण्याच्या कायद्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी भूजलाला राज्यव्यापी कायदा लाभला.

या कायद्याचे मुख्य सूत्र असे की, भूजलाचे व्यवस्थापन स्थानिक पातळीवरच उत्तम होते. म्हणून राज्याने पाणीवाटप आपल्या हाती घेतले नाही. ज्या स्थानिक सार्वजनिक संस्थांकडे पाणीपुरवठा, जलव्यवस्थापन किंवा जमीनवापर यांची जबाबदारी आहे, त्यांनी एकट्याने वा एकत्र येऊन भूजल शाश्वतता यंत्रणा स्थापन करावी, असे ठरविण्यात आले. राज्यात एकूण ५१५ भूजल खोरी आहेत. त्यांपैकी २०१९ च्या वर्गवारीनुसार उच्च व मध्यम अग्रक्रमाची ९४ खोरी या कायद्याच्या सक्तीच्या कक्षेत आली. त्यांतील २१ खोरी गंभीर अतिउपशाची म्हणून आधीच निश्चित झाली होती. यंत्रणा स्थापन करण्यास ३० जून २०१७ ही मुदत होती आणि अडीचशेहून अधिक यंत्रणा उभ्या राहिल्या. गंभीर खोऱ्यांनी आपले आराखडे ३१ जानेवारी २०२० पर्यंत, तर इतरांनी ३१ जानेवारी २०२२ पर्यंत सादर करावयाचे होते. आराखडा लागू झाल्यापासून २० वर्षांत, म्हणजे अनुक्रमे २०४० आणि २०४२ पर्यंत, खोरे शाश्वत स्थितीत आणणे बंधनकारक करण्यात आले.

‘शाश्वत’ हा शब्द भाषणात गोड वाटतो. कायद्यात त्याला निश्चित अर्थ द्यावा लागतो. या कायद्याने तो सहा अनिष्ट परिणामांच्या आधारे दिला. पाण्याची पातळी सतत खाली जाणे, साठा घटणे, समुद्राचे पाणी आत शिरणे, पाण्याची प्रत बिघडणे, जमीन खचणे आणि भूजलाशी निगडित नद्या-ओढ्यांचे पाणी आटणे हे ते सहा परिणाम होत. यांपैकी कोणताही परिणाम लक्षणीय व अवाजवी प्रमाणात होऊ न देता केलेला उपयोग तो शाश्वत उपयोग. १ जानेवारी २०१५ पूर्वी झालेले नुकसान भरून काढण्याची सक्ती यंत्रणांवर नाही. प्रत्येक यंत्रणेने निरीक्षण विहिरी निश्चित करावयाच्या, त्यांत पाणी किती खाली गेले तर धोका समजायचा ती मर्यादा ठरवावयाची, दरवर्षी अहवाल द्यावयाचा आणि निदान पाच वर्षांनी आराखड्याचे मूल्यमापन करावयाचे, अशी ही शिस्त आहे.

यंत्रणांना अधिकारही भरपूर मिळाले. विहिरींची नोंदणी करणे, पंपांवर मोजयंत्रे बसविण्यास सांगणे, उपशावर मर्यादा घालणे, शुल्क आकारणे, पुनर्भरणासाठी जमीन घेणे, हे सर्व त्या करू शकतात. मात्र कोणाच्या मूळ पाणीहक्काचा निर्णय त्या करू शकत नाहीत. तो प्रांत न्यायालयाचाच राहिला. घरगुती वापरासाठी वर्षाला दोन एकर-फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे २५ लाख लिटरपर्यंत पाणी घेणाऱ्या विहीरमालकाला मोजयंत्राच्या सक्तीतून वगळण्यात आले. गरिबाच्या घरामागच्या विहिरीला हिशेबाचा जाच नको, हा त्यामागील हेतू योग्यच होता.

यंत्रणेत कोणाचा आवाज

येथवर सर्व ठीक. परंतु स्थानिक कारभार म्हणजे कोणाचा कारभार, हा प्रश्न उरतोच. सॅन वाकीन खोऱ्याच्या दक्षिणेकडील तुलारे सरोवराचा प्रदेश हे याचे ठळक उदाहरण होय. तेथील एका जलसंचय मंडळाच्या निवडणुकीत केवळ जमीनमालकांना मत असावे आणि तेही जमिनीच्या मूल्याच्या प्रमाणात असावे, या नियमाला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये मान्यता दिली होती. अशा जुन्या संस्थाच पुढे भूजल यंत्रणांचा आधार बनल्या. ज्यांचा उपसा सर्वांत मोठा, त्यांच्याच हाती उपशाची मर्यादा ठरविण्याचे काम आले. सर्व उपभोक्त्यांच्या हिताचा विचार करावा, त्यांत घरगुती विहिरींचे मालक आणि दुर्बल वस्त्याही याव्यात, असे कायदा सांगतो. परंतु ‘विचार करणे’ आणि ‘मत देणे’ यांत अंतर असते.

हे अंतर आराखड्यांत उमटले. २ मार्च २०२३ रोजी राज्याच्या जलसंपत्ती विभागाने सॅन वाकीन खोऱ्यातील सहा उपखोऱ्यांचे आराखडे अपुरे ठरविले. पाण्याची पातळी व जमिनीचे खचणे यांसंबंधी यंत्रणांनी आखलेल्या मर्यादा आणि त्यांचे घरगुती विहिरींवर, कालव्यांवर व बांधांवर होणारे परिणाम, यांचा पुरेसा विचार त्यांत झालेला नाही, असा आक्षेप होता. साध्या शब्दांत सांगावयाचे तर, आराखड्यात कागदावर खोरे सुरक्षित राहत होते आणि प्रत्यक्षात उथळ विहीर कोरडी पडत होती.

येथे कायद्याचा दुसरा हात पुढे आला. स्थानिक यंत्रणा अपुरी पडली तर राज्याचे जलसंपत्ती नियंत्रण मंडळ हस्तक्षेप करू शकते. त्याची पहिली पायरी म्हणजे खोरे परिवीक्षेखाली, अर्थात कडक देखरेखीखाली घेणे. १६ एप्रिल २०२४ रोजी तुलारे सरोवर उपखोरे अशा रीतीने देखरेखीखाली घेण्यात आले. या कायद्याखालील ही पहिलीच कारवाई होती. त्यानंतर १७ सप्टेंबर २०२४ रोजी तुले उपखोऱ्याची पाळी आली. तुलारेच्या निर्णयाविरुद्ध शेतकरी संघटना न्यायालयात गेली आणि त्याच वर्षी अंमलबजावणीला तात्पुरती मनाईही मिळाली. दुसरीकडे, कविया उपखोऱ्यातील यंत्रणांनी आपला आराखडा सुधारून घेतला आणि जानेवारी २०२५ साठी ठरलेली त्यांची सुनावणी रद्द करण्यात आली. राज्याचा धाक दूर उभा असला म्हणजे स्थानिक शहाणपणाला बळ येते, असा याचा अर्थ होतो.

याच तुलारे प्रदेशाने निसर्गाचा एक विलक्षण खेळही पाहिला. शेतीसाठी फार पूर्वी कोरडे करण्यात आलेले तुलारे सरोवर २०२३ च्या महापुरात पुन्हा अवतरले आणि हजारो एकर पिके पाण्याखाली गेली. खचत चाललेल्या कॉर्कोरन शहराच्या रक्षणासाठी तेथील बांध पुन्हा उंच करावा लागला. वर पूर आणि खाली तूट, अशी ही स्थिती. त्या पावसाळी वर्षात राज्यभर सुमारे ४१ लाख एकर-फूट पाणी योजनापूर्वक जमिनीत मुरविण्यात आले. सुकाळाच्या वर्षी साठवावे आणि दुष्काळाच्या वर्षी वापरावे, हा जुनाच संसारी नियम भूजलालाही लागू पडतो.

शेतकऱ्यापुढील पेच

मात्र केवळ पुनर्भरणाने ताळा जमणार नाही. कॅलिफोर्नियातील पब्लिक पॉलिसी इन्स्टिट्यूट या अभ्याससंस्थेच्या अंदाजानुसार सॅन वाकीन खोऱ्यात २०४० पर्यंत किमान ५ लाख एकर जमीन ओलिताखालून काढावी लागेल. ज्याने कर्ज काढून बदामाची बाग लावली, त्याला हे सांगणे सोपे नाही. कापूस किंवा टोमॅटो एखादे वर्ष न लावता शेत पडीक ठेवता येते. पंचवीस वर्षे उभे राहणारे बदामाचे झाड एक उन्हाळाही पाण्यावाचून ठेवता येत नाही. जगातील सुमारे ८० टक्के बदाम या एका राज्यात पिकतो आणि अलीकडच्या वर्षांत त्याचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक भारत हाच राहिला आहे. महाराष्ट्रातील घरांतून कोजागरीच्या दुधात पडणाऱ्या बदामाचा त्या खचणाऱ्या जमिनीशी असा दूरचा संबंध आहे. पडीक होणारी जमीन पुनर्भरण, चराई, वन्यजीव किंवा सौरऊर्जा यांच्या उपयोगी आणता यावी यासाठी राज्याने २०२१ पासून अर्थसाह्याची योजना सुरू केली. परंतु शेत पडीक राहिल्यावर त्यावर राबणाऱ्या मजुराचे काय, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर सापडणे बाकी आहे.

मुदतीलाही दोन बाजू आहेत. वीस वर्षांचा अवधी दिला नसता तर हजारो शेतकरी एका हंगामात बुडाले असते. तो दिला म्हणून दरम्यानच्या काळात नव्या खोल विहिरी घेण्याची घाई झाली आणि २०२२ च्या अवर्षणात पुन्हा हजाराहून अधिक घरगुती विहिरी कोरड्या पडल्याच्या तक्रारी राज्याकडे नोंदल्या गेल्या. मोठ्या शेतकऱ्याला सवलतीचा काळ मिळाला; उथळ विहिरीच्या मालकाला तो मिळाला नाही.

महाराष्ट्राच्या संदर्भात

या कायद्याचे आणि महाराष्ट्राचे एक नाते आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा १ जून २०१४ पासून, म्हणजे कॅलिफोर्नियातील स्वाक्षरीच्या अवघे साडेतीन महिने आधी अंमलात आला. पिण्याच्या पाण्याच्या उद्भवांना संरक्षण देणाऱ्या १९९३ च्या कायद्याची ही पुढची पायरी होती. येथेही पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समितीच्या रूपाने स्थानिकांना स्थान देण्यात आले, विहिरींच्या नोंदणीची तरतूद झाली आणि ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध घालण्यात आले. दोन दूरदेशीच्या राज्यांनी एकाच वर्षी एकाच दिशेने पाऊल टाकावे, यावरून प्रश्नाची तीव्रता लक्षात येते.

भूगर्भ मात्र भिन्न आहे. कॅलिफोर्नियाच्या खोऱ्यात शेकडो मीटर जाडीचा गाळ आहे; तेथील तूट वर्षानुवर्षे झाकली जाते. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. पाणी मुरूम आणि खडकाच्या भेगा यांतच साठते आणि पावसाळा चांगला झाला तर विहीर भरते, न झाला तर माघ-फाल्गुनातच तळ दिसतो. येथे निसर्ग दरवर्षी हिशेब मागतो. ही अडचण आहे तशी सोयही आहे. पाऊस मोजून, विहिरींची पातळी पाहून गावाला रब्बीपूर्वीच आपला ताळेबंद मांडता येतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने सिंचनासाठी विंधन विहिरी न घेण्याचा निर्णय ग्रामसभेत करून आणि पाण्याच्या ताळेबंदावरून पिके ठरवून हे सिद्ध केले. २५ डिसेंबर २०१९ रोजी सात राज्यांसाठी सुरू झालेल्या अटल भूजल योजनेतही ग्रामपंचायतींनी पाण्याचा अंदाजपत्रक मांडण्यावर भर देण्यात आला आणि त्या सात राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता.

कॅलिफोर्नियाच्या अनुभवातून घेण्यासारखे आहे ते असे. कायद्याने अधिकार स्थानिकांना द्यावेत, मुदत निश्चित करावी, मोजमाप सक्तीचे करावे आणि यंत्रणा चुकल्यास शासनाने मागे उभे राहावे, हे सर्व आवश्यकच आहे. परंतु खोऱ्याच्या आराखड्याची कसोटी कोठे लावावयाची, याचे उत्तर ईस्ट पोर्टरव्हिलच्या कोरड्या विहिरींनी दिले आहे. ती खोऱ्यातील सर्वांत उथळ विहिरीवर लावली पाहिजे. त्या विहिरीत उन्हाळ्याच्या अखेरीस पिण्यापुरते पाणी राहिले तर व्यवस्थापन यशस्वी झाले, असे समजावे. त्यासाठी त्या विहिरीच्या मालकाला, भूमिहीन मजुराला आणि हंडा घेऊन जाणाऱ्या गृहिणीला पाण्याच्या हिशेबाच्या बैठकीत बसण्याची जागा मिळाली पाहिजे. गावोगावच्या ग्रामसभांनी पावसाळा संपताच आपल्या विहिरींची पातळी फळ्यावर लिहून हा हिशेब सर्वांसमक्ष मांडला, तर कायद्याच्या कलमांना खरा अर्थ प्राप्त होईल.